काळी वायर आणि मामांचं धोतर

उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की माझं डोकं फिरतं. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर डोंगराएवढा ऊस. ड्रायव्हरच्या डोक्यावर गाणी ठणाणणारा डबा, जाळीला निळे-हिरवे लुकलुकते दिवे, आरशाला गोंडे. आणि मागं? मागं ठार अंधार. लाल टिकलीएवढासुद्धा दिवा नाही. मोटारसायकलवर मागून येणाऱ्या पोराला तो ऊस दिसतो, तो छातीला लागल्यावरच.

परवा दिवेलागणीला मी काठी आडवी धरून एक ट्रॅक्टर थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, सरका, मागं गाडी आहे." मी म्हटलं, "मंग तिला तू दिसून राह्यला का, ते इचार आधी."

घरचे म्हणतात, म्हातारीला राग फार. फार आहेच. मुरलेला आहे. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-अडीच वर्षं झाली होती तेव्हाचा आहे. त्या रागातला निम्मा दुसऱ्यांवर आहे आणि निम्मा एका चोवीस वर्षांच्या दीडशहाण्या बाईवर. ती बाई मीच. पण आज समोर आली असती, तर पहिली काठी तिच्याच पाठीत घातली असती.

माझं सासर तीर्थपुरीचं. मांडवाचा धंदा. बांबू, दोर, ताडपत्र्या, पंगतीची मोठी पातेली, भोंगे, एक खोकणारं जनरेटर आणि रंगीत बल्बच्या माळा असं सगळं घेऊन आमचे लोक गावोगावच्या लग्नांना जायचे. गाडी म्हणजे मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप. मागचा भाग कापून तिथं लोखंडी पेटी बसवलेली, म्हणून सगळे तिला पिकप म्हणायचे. पेटीत मावायचं नाही ते मागच्या ट्रॉलीत. ट्रॉली दोन चाकांची, एका हुकावर आणि एका पिनेवर पिकपला अडकवलेली. चालवायचे माझे मालक. हुकूम चालायचा मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. त्यामुळं घरात बाई मी एकटी आणि भांडायला मामा एकटे.

आता गंमत बघा. दुसऱ्यांच्या दारात आम्ही शेकड्यांनी दिवे लावायचो. नवरदेवाच्या घोड्याच्या अंगावरसुद्धा माळ सोडायचो. आणि आमच्या ट्रॉलीच्या पाठीला एक दिवा नव्हता. पिकपचे स्वतःचे मागचे दिवे होते, पण ट्रॉली जोडली की ते तिच्याआड जायचे.

त्या वैशाखात एका लग्नाहून परतताना ट्रॉलीचं चाक बसलं. रस्त्याच्या कडेला, दिवस मावळून नुकताच अंधार धरायला लागलेला. मालक ट्रॉलीच्या मागच्या बाजूला उकिडवे बसून चाक काढत होते. त्याच रस्त्यानं माझा धाकटा भाऊ सायकलीवर पाडाचे आंबे घेऊन माझ्याकडं निघालेला. त्याला ट्रॉली दिसलीच नाही. सायकल मालकांच्या कानाजवळून, वीतभर अंतरानं, सरळ लोखंडावर. भावाचे पुढचे दोन दात तिथंच पडले. आंबे रस्त्यावर गडगडले. एकोणीस वर्षांचं पोर ते, त्याला पुढच्याच आठवड्यात मुलीकडचे बघायला येणार होते.

तोंडाला फडकं लावून मालकांनी त्याला घरी आणलं. मामांनी कंदील वर धरून बघितलं आणि म्हणाले, "एवढी घराएवढी ट्रॉली दिसली न्हाई का? डोळे काय आंब्यात ठेवून आल्ता?"

मी त्या घरात पाच वर्षं नांदले होते. त्या दिवशी पहिल्यांदा सासऱ्यासमोर माझा आवाज चढला.

"मामा, सायकल होती म्हणून दोन दात गेले. ट्रक असता तर माझं कुंकू गेलं असतं. ट्रॉलीला मागून दिवा लावा."

"बापजन्मात गाडीला मागून दिवा पाह्यला का कोणी?"

"बैलगाडीला खालून कंदील असतो की."

"तो बैलाला दिसायला असतो."

"मंग आम्हाला बैलाएवढं तरी समजा."

मालक काय म्हणाले? मालक चाकाची नटं मोजत बसले. माझ्या नवऱ्याचा तो मोठा गुण होता, घरात वीज पडली तरी नटं मोजायचे. मला तेव्हा वाटायचं, माणूस शांत आहे. आता वाटतं, माणूस हुशार होता.

मुलीकडचे पाहुणे पसंती न देताच परत गेले, भाऊ बोलताना फू-फू करायला लागला, आणि मामा दिव्याचं नाव घेईनात. मग मी वाकडी वाट धरली. मामा रोज संध्याकाळी पारावर बसायला निघायचे. ते दारातून बाहेर पडले, की मी कंदील घेऊन गल्लीत उभी राहायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "मामा, पाठीला दिवा बांधू का? मागून कोणी येऊन धडकंल!"

पहिल्या दिवशी ते दचकले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, लाज धर." तिसऱ्या दिवशी पारावरचेच कोणीतरी लांबून ओरडले, "अरे दिवा आणा, म्हातारा आला!" चौथ्या दिवशी मामा जेवताना ताटाकडं बघत मालकांना म्हणाले, "जालन्याला जाशील तव्हा बसवून घे तो दिवा. म्हंजे हिचं तोंड तरी बंद होईल."

ते काही झालं नाही, पण दिवा झाला.

भादव्यात जुन्या जालन्यात मांडवाचं कापड आणायला जायचं होतं. मी हट्टानं सोबत गेले. तिथं एका बोळात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक उस्ताद होते. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचांनी पिकपच्या पेटीला मागच्या फळीवर झाकणाचं गोल सॉकेट बसवलं. ट्रॉलीला दोन लाल दिवे लावले, दांडीच्या कडेनं वायरी ओढल्या आणि टोकाला प्लग लावला. तो सॉकेटात खुपसला, की पिकपचा करंट ट्रॉलीला. माझ्याकडं बघून त्यांनी एकेक वायर बोटानं दाखवली. लाल मागच्या दिव्याची, पिवळी ब्रेकची, हिरवी आणि निळी वळायच्या दिव्यांची. मग काळी हातात धरून ते काहीतरी बराच वेळ सांगत होते.

त्या वेळी माझं लक्ष कुठं होतं? समोर बांगड्यांचं दुकान होतं. खरं तेच लिहिते, आता काय लपवायचं? ज्या दिव्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं, त्याची नेमकी महत्त्वाची गोष्ट सांगितली जात होती आणि मी हिरव्या बांगड्यांवरची सोनेरी टिकली निरखत होते. मालक ऐकत होते, असं मला वाटलं. ते नटं मोजत होते.

दिवे लागले. ब्रेक दाबला की लालभडक व्हायचे. मी बोळातच टाळी वाजवली. चाचा हसले, "बेटी, ईद हो गई तुम्हारी."

इथवर मी शहाणीच होते. पुढचं ऐका.

पाऊस हटत नव्हता आणि आमच्या अंगणातली कपडे वाळत घालायची तार गंजून गेली होती. मामांच्या पांढऱ्या धोतराला रोज तांबूस डाग. मामा रोज ते धोतर माझ्यासमोर धरून विचारायचे, "हे काय हाय? जिलबी तळली का याच्यात?" रोज ऐकून ऐकून मी पेटले होते. एक दिवस ट्रॉलीजवळ उभी असताना मला ती काळी वायर दिसली. जाडजूड, गुळगुळीत, प्लॅस्टिकची, गंजायचं नाव नाही. मी मालकांना दिवे लावायला सांगितलं आणि ट्रॉलीच्या टोकाकडून काळी वायर सोडवून बघितली. दिवे चालूच! ब्रेक चालू, वळायचे चालू. पुन्हा जोडली, पुन्हा सोडवली. काही फरक नाही.

मी म्हणाले, "बघा, चार राबून राह्यल्या आणि ही पाचवी नुसती बसून खाती."

मालक म्हणाले, "चाचा काहीतरी बोलले होते तिच्याबद्दल."

"काय बोलले होते?"

"आठवत न्हाई."

झालं. मी वायर पुरती काढून घेतली आणि अंगणात लिंबापासून खांबापर्यंत ताणून बांधली. दुसऱ्या दिवशी मामांचं धोतर बगळ्यासारखं पांढरंशुभ्र. ते काही बोलले नाहीत, म्हणजे खूश झाले. मी चार दिवस गल्लीत अशी चालत होते, जसं काही वीज मीच शोधून काढली.

त्यात आला दसरा. खंडेनवमीला आमच्याकडं धंद्याच्या सगळ्या वस्तूंची पूजा. जनरेटरला हळद-कुंकू, भोंग्यांना झेंडू, पिकपला नारळ. यंदा ट्रॉली मी रंगवणार, असं मी आधीच जाहीर केलं होतं. तेलरंगाचे डबे आणले. फळ्या पिवळ्या, त्यावर हिरव्या वेली, चाकांवर कमळं आणि मागच्या फळीवर दोन पोपट. पोपट कोंबड्यांसारखे दिसत होते, ते जाऊ द्या. आणि शेवटी उरलेला लाल रंग मी हुकाला दिला. हुकाला, पिनेला, पिकपकडच्या कडीला, आतून, बाहेरून. एक हात देऊन भागलं नाही म्हणून दुसरा हात. लोखंड कुठं म्हणून दिसू दिलं नाही. लोक बघायला आले. मामासुद्धा काठी टेकत भोवती एक फेरी मारून गेले आणि म्हणाले, "कोंबड्या बऱ्या हायेत."

तुळशीचं लग्न लागलं आणि आमचा हंगाम उघडला. पहिलं लग्न मोठ्या घरचं होतं. सामान एक दिवस आधी पोचवायचं आणि परतायला अंधार होणार, हे ठरलेलं. निघायच्या आदल्या सकाळी मालकांनी पिकप ट्रॉलीला लावली, सॉकेटात प्लग घातला आणि दिवे लावले.

दिवे आजारी माणसाच्या डोळ्यांसारखे मिणमिणत होते. मी ओरडले, "ब्रेक दाबा!" मालकांनी ब्रेक दाबला. लालभडक व्हायच्या ऐवजी दिवे विझले! पाय काढला की पुन्हा मिणमिण. डावा दिवा लावला तर सगळेच डोळे मिचकावायला लागले.

माझा भाऊ तिथं आला होता. तो दातांच्या फटीतून फुसफुसला, "आक्का, ह्याच्यात भूत शिरलं."

मामा ओट्यावरून म्हणाले, "म्या सांगतच होतो. चला, असंच जाऊ द्या. आतापर्यंत जातच होतो ना?"

मालकांनी दोराचं भेंडोळं उचलून ट्रॉलीत टाकलं. म्हणजे जायची तयारी. वैशाखातला तो माणूस मला दिसला, चाकाशी उकिडवा, अंधाराकडं पाठ करून बसलेला. मी ते भेंडोळं बाहेर फेकलं. म्हटलं, "दिवा लागल्याबिगर ट्रॉली हलली, तर मी चाकाखाली आडवी पडंल." आणि तशीच, डोक्यावर पदर घेऊन, पहिल्या एसटीनं जालन्याला.

सगळ्या रस्त्यानं मी एकच घोकत होते, म्हाताऱ्यानं फसवलं. बोळात शिरले तेव्हा चाचांच्या दुकानासमोर चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यादेखत तोंड सोडलं. काम येत नाही तर दुकान कशाला मांडलं? बाई माणूस बघून कच्चा माल लावला का? माझ्या नवऱ्याचा जीव त्या दिव्याला टांगलेला आहे आणि तुम्ही असली फसवाफसवी केली! आणखी पुष्कळ बोलले. त्यांतले काही शब्द मी मामांकडून शिकले होते. ते लिहीत नाही.

चाचा हातातलं काम ठेवून ऐकत राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा एवढंच म्हणाले, "ब्रेक मारे तो बुझ जाता?"

"हो!"

"चलो."

हातातलं काम तसंच टाकून, पिशवी खांद्याला लावून, म्हातारा माझ्यासोबत एसटीत बसला. रस्त्यात अंबडला त्यांनी शेंगदाण्याची पुडी घेतली आणि माझ्यापुढं केली. मी खिडकीकडं तोंड केलं. चोराकडून शेंगदाणे खायचे नाहीत, एवढं तत्त्व मला होतं. भूक मरणाची लागली होती.

 घरी आल्यावर चाचा आधी हुकाशी बसले. लाल रंगावर नखानं टकटक केलं. मग वायरींच्या जुडग्यावरून हात फिरवत गेले आणि मध्येच थांबले. एक, दोन, तीन, चार.

"बेटी, काली कहाँ है?"

मी काही बोलायच्या आत त्यांची नजर वर गेली. समोर अंगणात, लिंबापासून खांबापर्यंत, त्यांचीच काळी वायर ताणलेली आणि तिच्यावर मामांचं धोतर वाऱ्यावर फडफडत होतं.

 चाचांनी पिशवीतून वायरीचा एक तुकडा काढला. एक टोक ट्रॉलीच्या दिव्याच्या पत्र्याला आणि दुसरं पिकपच्या पत्र्याला लावून धरलं. दिवे भडकन लागले. काढलं, मिणमिण. लावलं, लालभडक.

"करंट नुस्ता जाता नै, वापस भी आता," ते म्हणाले. "वापस यायला दोन रस्ते होते. एक ही काळी आणि दुसरा हा हुकाचा लोखंड. काळी काढली, तर हुकावरून येत होता बराबर. मंग हुकाला रंग. रंगातून करंट जात न्हाई. आता बिचारा वापस कुठून येणार? दुसऱ्या दिव्यांच्या दारातून चोरासारखा फिरतो, म्हणून सगळे दिवे आंधळे. हुकाचा काय भरोसा, गंजतो, धूळ बसते. म्हणून तर काळी दिली होती. सांगितलं पण होतं."

मांडववाल्याची सून मी. जनरेटरपासून बल्बापर्यंत दोन वायरी जातात हे पाच वर्षं डोळ्यांनी बघत होते. एक न्यायला, एक आणायला. आणि अंगणात उभी राहून मी तीच वायर आळशी ठरवली होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या वेळी वाटलं. पण जमीन कोरडी होती, तीसुद्धा हलली नाही.

चाचांनी चष्म्यावरून सगळ्यांकडं बघितलं. "ये किसने किया?"

मालकांनी नट शोधायला खाली बघितलं. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी तोंड उघडलं, पण त्यातून काही निघेना. सकाळी चार गिऱ्हाइकांसमोर ज्या तोंडातून धबधबा वाहिला होता, तेच तोंड.

तेवढ्यात ओट्यावरून मामा म्हणाले, "म्याच केलं. धोतराला डाग पडून राह्यले होते, म्हणून काढली वायर. रंग बी म्याच दिला."

चाचांनी आधी मामांकडं बघितलं, मग त्यांच्या थरथरणाऱ्या हातांकडं. ज्या हातांनी सरळ गंधसुद्धा लावता येत नव्हतं, ते हात. मग त्यांची नजर माझ्या पदराच्या काठावर आली. तिथं लाल तेलरंगाचा ठिपका महिनाभर धुऊनही गेला नव्हता. चाचा मामांना म्हणाले, "बाबा, काम खराब किया, लेकिन मुर्ग्यां बहुत खूब निकाली."

मामा म्हणाले, "शौक हाय."

मला राग आला. खोटं सांगत नाही, उपकार वाटायच्या आधी राग आला, आणि असा आला की कान तापले. ज्या म्हाताऱ्यानं माझ्या भावाच्या दातांची किंमत केली नाही, त्यानं माझी अब्रू राखावी? आता याच्याशी भांडायचं कसं? चाचांची माफी तरी मागायला हवी होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा केला. साखर मुद्दाम जास्त टाकली. त्या वेळी मला तेवढीच माफी येत होती. चाचांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बस, बेटी. समझ गया."

त्यांनी धोतर घडी करून ओट्यावर ठेवलं, अंगणातली वायर सोडली, पुन्हा ट्रॉलीला जोडली आणि हुकाचा रंग कानशीनं घासून काढला. दिवे लागले. ब्रेक दाबल्यावर भडकले.

दुसऱ्या दिवशी पिकप गेली. त्याच्या पुढच्या संध्याकाळी, परतायच्या वेळी, मी भावाला सायकलीवर पार फाट्यापर्यंत पाठवलं. ट्रॉलीच्या मागं मागं ये आणि किती लांबून दिसतं ते बघून सांग, म्हटलं. तो येऊन म्हणाला, "आक्का, फाट्यावरून दिसलं. म्या तर भिऊन आधीच ब्रेक मारला." मालक ट्रॉलीमागून निघून, तिच्या लाल उजेडातून हात पुसत घरात आले आणि म्हणाले, "भाकरी वाढ." मी वाढली. न मागता दुसरीही वाढली.

अंगणात पुन्हा गंजकी तार लागली. मामांच्या धोतराला पुन्हा तांबूस डाग. पण त्यांनी ते धोतर माझ्यासमोर पुन्हा कधी धरलं नाही. नुसतं नेसून पारावर जायचे. कोणी विचारलं, की मी ऐकेन अशा आवाजात सांगायचे, "काय करता बाबा, चांगली वायर होती, म्याच ट्रॉलीला देऊन टाकली. दिव्याची लई हौस मला, पहिल्यापासून."

पहिल्यापासून! आणि मला दारात उभं राहून ऐकून घ्यावं लागायचं. उत्तर ओठावर यायचं आणि तिथंच चावून टाकावं लागायचं. मामा जाईपर्यंत, वर्षानुवर्षं. दर दसऱ्याला रंगाचा डबा उघडला की ओट्यावरून आवाज यायचाच, "सूनबाई, हूक सोडून."